चार सेकंद

८ सप्टेंबर

चि. सूनबाई,
आशीर्वाद.

टॅबमधली मेमरी कार्डं, प्रत्येक मुलाचं एक, दर पंधरवड्याला पोस्टाने तुमच्या ऑफिसात पाठवायची, असं तुमचा माणूस सांगून गेला आहे. पाकीट मोठं, कार्डं नखाएवढी. उरलेल्या जागेत ही चिठ्ठी घालते. फोनवर आपलं जमत नाही. तू विचारतेस, मी उत्तर जुळवते, तेवढ्यात तू "बरं आई, ठेवते" म्हणतेस. राग नाही. कागद मध्येच बोलत नाही, एवढंच.

आठ टॅब आले. बालवर्गात मुलं बत्तीस, म्हणजे चार पाळ्या. खिडकीखालच्या लांब बाकावर टॅब मांडले आहेत. पहिल्या दिवशी एक बोलायला लागला आणि मी दचकले. "बदक कुठे आहे?" तुझाच आवाज. मी मुलांना सांगून बसले की ही माझी सूनबाई बोलते आहे. तिथेच चुकलं. आता सगळा वर्ग टॅबला सूनबाई म्हणतो. "बाई, माझी सूनबाई बंद पडली." "बाई, त्याने माझ्या सूनबाईला थुंकी लावली." काल शिपाईमामा मोठ्या बाईंसमोर म्हणाले, "आठही सूनबाई कपाटात घालून कुलूप लावलं." मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या मुख्याध्यापिका आहेत.

लिहायचं कारण वेगळं. खेळ संपला की टॅब प्रत्येक मुलाच्या चित्राशेजारी ठिपका देतो. हिरवा, पिवळा, लाल. नोव्हेंबरात या ठिपक्यांवरून यादी निघणार. लाल मुलं पुढच्या वर्षी इथल्या पहिलीत जाणार नाहीत. त्यांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वेगळ्या वर्गात घालणार. तिथून परत आलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

माझ्या वर्गात लाल ठिपका एकच. तिला आम्ही मुंगी म्हणतो. पाच वर्षांची, हडकुळी, जवळजवळ मुकी. पण तिला सगळं कळतं. कशावरून म्हणते, ते नीट सांगता येत नाही. गोष्ट सांगताना मी मुद्दाम चुकते, सशाला शिंगं लावते. बाकीचे ओरडतात. ती ओरडत नाही. गोष्ट पूर्ण संपली, मी पुस्तक मिटलं, की येऊन माझी बाही ओढते आणि सशाच्या डोक्यावर बोट ठेवते.

तिचं कार्ड जरा बघशील?

आई


१५ सप्टेंबर

ती. आई,
सा. न.

पाकीट मिळालं. सूनबाईचा किस्सा ऑफिसात वाचून दाखवला. आता इथेही माझं तेच नाव पडलं आहे. आवाज माझा, कारण आवाज देणाऱ्या बाईंचा ऐन वेळी घसा बसला. घरी कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून रेकॉर्डिंग केलं. तुमचे चिरंजीव बाहेर उभे राहून मांजराला गप्प करत होते. तीन ठिकाणी तरी मांजर ऐकू येईल.

मुंगीचं कार्ड बघितलं. चाळीस प्रश्न, बरोबर एक. वीस ठिकाणी तिने हातच लावलेला नाही. आई, आमच्याकडे एवढ्या कमी गुणांची दोनच कारणं निघतात. ऐकू येत नाही, किंवा प्रश्न समजत नाही. आधी कान तपासून घ्या.

आणखी एक, राग मानू नका. जे मूल आवडतं ते हुशारही वाटतं. आम्ही टॅब बनवतो ते त्यासाठीच. त्याला कुणी आवडत नाही. हे तुमच्याबद्दल नाही, सर्वसाधारण म्हणते.

मीटिंग आहे, थांबते.

तुमची
सूनबाई (आता काय, तेच)


२९ सप्टेंबर

चि. सूनबाई,
आशीर्वाद.

मुंगीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या पाठीमागे उभं राहून कागद चुरगाळला. तिने वळून पाहिलं. ते खोलीच्या दारात गेले आणि दोन बोटांत कापूस चोळला. तिने वळून पाहिलं. म्हणाले, "बाई, हिचे कान मला द्या आणि माझे तिला."

दुसरी बातमी, मुंगीला सूर सापडला. या खेपेला चाळीसपैकी चाळीस. हिरवा ठिपका. कार्ड सोबत आहे.

सर्वसाधारण बाईंचंही कधी कधी बरोबर निघतं.

आई


८ ऑक्टोबर

ती. आई,
सा. न.

हे पत्र चारदा फाडून पाचव्यांदा लिहिते आहे.

टॅब फक्त उत्तर टिपत नाही. बोट कधी टेकलं तेही टिपतो, आणि टेकलेलं बोट केवढं होतं तेही. चोवीस तारखेला मुंगीने प्रत्येक उत्तर एका सेकंदात दिलं आहे. पाच प्रश्नांना तर मी बोलून संपायच्या आत. "यातला सर्वांत..." एवढं मी म्हणते आणि उत्तर हजर. पुढे काय येणार हे तिला कसं कळलं? आणि तिचं बोट एका पंधरवड्यात दुप्पट जाड झालं आहे.

आई, ते बोट तुमचं आहे.

आमचा नियम असा की एका मुलाची नोंद खोटी निघाली तर सगळा वर्ग बाद. बत्तीसच्या बत्तीस. तुम्हाला हे माहीत नव्हतं, असं मी धरून चालते. कार्ड माझ्याकडे आलं म्हणून बरं. मी त्यावर "खराब, वाचता येत नाही" अशी चिठ्ठी चिकटवून खणात टाकलं. ते कार्ड उत्तम वाचता येतं. ऑफिसात खोटं लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ, आणि ती सासूसाठी. तुमच्या मुलाला हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर वर्षभर हसत बसेल.

पण तुम्ही असं का केलंत? तुमची शिस्त आम्ही जेवताना ऐकत आलोय.


१४ ऑक्टोबर

चि. सूनबाई,
आशीर्वाद.

माझंच बोट. बत्तीस वर्षं मुलांना सांगत आले की शेजारच्याच्या वहीत बघू नका. त्या दिवशी मुंगी टॅबसमोर बसली होती. तू विचारत होतीस, ती तुझ्याकडे बघत होती, तू पुढे जात होतीस. माझा हात आपोआप गेला. पहिल्या उत्तरानंतर थांबता आलं असतं. थांबले नाही. चाळीसही प्रश्न मला पाठ होते. तिने माझा हात ढकलला नाही. फक्त माझ्याकडे पाहत राहिली. ती नजर डोळ्यांसमोरून जात नाही.

नियम माहीत नव्हता. माहीत असता तर केलं नसतं, असंही लिहवत नाही. तू ते कार्ड झाकलंस, त्याबद्दल काय म्हणू? तुला खोटं लिहायला लावलं. माझ्या हिशेबात हे पहिल्यापेक्षा मोठं.

आता एक खरी गोष्ट. मुंगीचे वडील चाव्या बनवतात, चावी हरवलेली कुलपंही उघडून देतात. शाळेमागच्या गल्लीत, जिन्याखाली त्यांची टपरी आहे. दोन माणसं उभी राहिली की भरते. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या चाव्या, मधोमध घासायचं यंत्र, खाली पितळेचा कीस. कपाटाची, म्हणजे तुमच्या आठ सूनबाईंची, दुसरी चावी करून घ्यायला मी परवा गेले. मुंगी एका डब्यावर बसून कोऱ्या चाव्या लांबीप्रमाणे लावत होती.

ते बोलताना अडखळतात. थोडं नाही, फार. म्हणाले, "ही चावी उ..." आणि थांबले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मला ते बघवेना. मी म्हटलं, "उद्या मिळेल?" त्यांनी मान हलवली. मुंगीने हातातल्या चाव्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणाच्या ताटातला घास उचलला.

तेवढ्यात तिची आई डबा घेऊन आली. ती शिवणकाम करते, चांगली बोलकी बाई. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, आमच्याकडे त्यांचं वाक्य कुणी पुरं करत नाही. लग्न झालं तेव्हाच मी ठरवलं. समोरचा थांबला म्हणून संपला असं नाही. आपण मनात पाच मोजायचे, मग तोंड उघडायचं. पोरीला काही शिकवावं लागलं नाही. ती तर माझ्याशीही तशीच. मी म्हणते, अगं, माझं झालंय, बोल की! तरी मोजते."

आणि ते वडिलांचं वाक्य "उद्या मिळेल" असं नव्हतंच. मी गप्प राहिल्यावर पुरं झालं. "ही चावी उलटी धरू नका."

आई


२२ ऑक्टोबर

ती. आई,
सा. न.

तुमचं पत्र बसस्टॉपवर वाचलं. बस आली. मी चढले नाही, ऑफिसात परत गेले.

मुंगीची जुनी, खरी कार्डं काढली. आधी मी फक्त गुण बघितले होते. या वेळी ओळ न् ओळ बघितली. रिकामं, चूक, रिकामं, चूक. चाळीस ओळी अशाच, टाके घातल्यासारख्या. जे मूल गोंधळलेलं असतं ते इतकं नीट गोंधळत नाही.

दुसरी गोष्ट तर माझ्या डोळ्यांसमोर होती. तिने वीस वेळा बोट ठेवलं आहे. प्रत्येक प्रश्नाला चार चित्रं, चार कोपऱ्यांत. डोळे मिटून वीस वेळा बोट ठेवलं तरी पाचेक उत्तरं बरोबर यायला हवीत. तिचं एक आलं. एवढं चुकायला काहीतरी माहीत असावं लागतं.

मग मी तिची बोटं एक प्रश्न मागे सरकवून बघितली.

आई, मी विचारते, "बदक कुठे आहे?" आणि टॅब चार सेकंद थांबतो. मुंगी पाच मोजते. चारला मी म्हणते, "पुढे जाऊ या!" आणि चित्रं बदलतात. पाचला ती बोट ठेवते, जिथे बदक होतं तिथे. तिथे आता छत्री आहे. चूक. मग तिसरा प्रश्न, पुन्हा चार सेकंद, रिकामं. चौथ्याच्या चित्रांवर तिसऱ्याचं उत्तर. चूक. लागोपाठच्या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच कोपऱ्यात येऊ नयेत हा नियम मीच घातला होता. म्हणजे ती जितकं बरोबर सांगेल तितकी चुकणार.

तिचं प्रत्येक बोट मागच्या प्रश्नाच्या उत्तराशी ताडून बघितलं. वीसपैकी एकोणीस बरोबर.

मी खुर्चीत बसून राहिले. झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, पाय उचला." मी उचलले. किती वेळ तसेच वर होते कोण जाणे. त्याच म्हणाल्या, "आता ठेवा."


३० ऑक्टोबर

चि. सूनबाई,
आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्या बाईंना दाखवलं. खराब कार्डाचं आधीचं पत्र नाही, ते घरीच ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाल्या, "मला पटलं. पण वर माझं पटणं जात नाही, कार्ड जातं. वीस नोव्हेंबरला माझ्या टेबलावर जे कार्ड असेल, त्यावर यादी." त्या वाईट नाहीत. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी ठिपके देणारं आहे.

माझ्या वर्गात एक भिंगरी आहे. पाचही बोटांनी एकदम सगळी चित्रं बडवते, त्यातलं एखादं बरोबर निघतंच; प्रश्न ऐकतच नाही. आधीच्या खेपेला पिवळी होती, काल हिरवी आली. मी विचारलं, "काय गं, सूनबाई काय विचारत होती?" म्हणाली, "ती विचारते? मला वाटलं, ती नुसतीच बडबडते."

एक विचारते, टोमणा समजू नकोस. ते चार सेकंद ठरवले कुणी?

आई


११ नोव्हेंबर

ती. आई,
सा. न.

मी.

तुमच्या पत्रातला तो प्रश्न आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. टॅब बनवताना किती थांबायचं असा मुद्दा निघाला होता. मी ऑफिसातल्या सहा जणांना समोर बसवून मोजलं. सगळे दीड सेकंदात उत्तर देत होते. मूल आहे म्हणून उदार मनाने चार केले. आई, ते सहाही जण माझ्यासारखे. आमच्या मीटिंगमध्ये जो थांबतो त्याचं बोलणं दुसराच पुरं करतो.

बदल करायचा म्हणजे साहेबांचा होकार हवा. मी त्यांना मुंगीच्या चाळीस ओळी दाखवल्या. ते म्हणाले, "एका मुलीसाठी?" मी सांगितलं की रिकामं-चूक, रिकामं-चूक अशी नक्षी शोधून आणली आहे. एकशे वीस वर्गांत अशी एक्केचाळीस मुलं आहेत. सगळी लाल. त्यांच्या घरी काय आहे मला माहीत नाही. कुणाची आजी हळू बोलत असेल, कुणाच्या घरी दोन भाषा असतील, कुणी नुसतंच सावकाश असेल. साहेब म्हणाले, "पण पाळी दहा मिनिटांची आहे. टॅब थांबत बसला तर चाळीस प्रश्न होणार कसे?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. तरी मी गप्प बसले. मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. मीटिंगमध्ये मी आजवर इतका वेळ गप्प बसलेली नाही. चारला साहेब स्वतःच म्हणाले, "पाळी वाढवावी लागेल, नाही का?"

खराब कार्डाचंही सांगून टाकलं. तुमचं नाव न घेता नाही, नाव घेऊनच. झाकून बदल मागता येईना. लेखी समज मिळाली आहे, फाइलीत राहील. तुमचा वर्ग बाद होणार नाही. चोवीस सप्टेंबरची नोंद तेवढी रद्द. तुमच्या मुलाला शेवटी कळलंच. तो अजून हसतो आहे.

सोबत नवीन कार्ड. टॅब आता मुलाचं बोट टेकेपर्यंत थांबतो. "पुढे जाऊ या" काढून टाकलं. त्या जागी पुन्हा कपाटात डोकं घालून एकच वाक्य बोलले आहे, "झालं की सांग." ते एकदाच येतं, सुरुवातीला. नंतर मी गप्प.

हे कार्ड वीसच्या आत पोचावं म्हणून पोस्टाच्या पेटीत न टाकता खिडकीवर नेऊन दिलं. तिथल्या माणसाने पावती करायला अर्धा तास लावला. मी घड्याळ बघितलं नाही. खोटं कशाला, दोनदा बघितलं.

तुमची सूनबाई


२० नोव्हेंबर

चि. सूनबाई,
आशीर्वाद.

कार्ड काल दुपारी आलं. मुलं घरी गेली होती. मुंगीला आज सकाळी पहिल्या पाळीला बसवलं. मोठ्या बाई येऊन दारापाशी उभ्या राहिल्या. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. स्वतःवर भरवसा उरलेला नाही.

तू विचारलंस, "बदक कुठे आहे?" मुंगीने वाट पाहिली. चारला तिचे खांदे आखडले, काहीतरी हिसकावून घेणार आहेत तसे. काहीच झालं नाही. बदक जागेवर. तिने बोट ठेवलं. तू "छान" म्हणालीस. तिने आधी टॅबकडे पाहिलं आणि मग मागे वळून माझ्याकडे. मी काय करणार, मान हलवली.

आठव्या प्रश्नापर्यंत खांदे खाली आले. विसाव्याला ती पाय हलवत होती. भिंगरी शेजारून म्हणाली, "ए, लवकर ना, तुझी सूनबाई झोपली." मुंगी तिच्याकडे वळली. पाच मोजले असावेत. मग म्हणाली, "झोपली नाही. ऐकते आहे."

हे तिचं माझ्या वर्गातलं पहिलं वाक्य. मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि पुसला. काच स्वच्छच होती.

पंचवीस मिनिटं लागली. चाळीसपैकी अडतीस. ठिपका हिरवा. कार्ड मोठ्या बाईंनी माझ्या हातून घेऊन स्वतःच्या पाकिटात घातलं. यादीवर आमच्या वर्गातलं कुणी नाही. दुपारी टपरीवर जाऊन सांगितलं. मुंगीचे वडील घासायचं यंत्र बंद करून उभे राहिले. "बा..." म्हणाले आणि थांबले. मी थांबले. गल्लीतून एक हातगाडी पूर्ण जाईपर्यंत थांबले. "बाई, बसा," म्हणाले. मी मुंगीच्या डब्यावर बसले.

गेल्या रविवारी तुझा फोन आला. तू विचारलंस, "आई, कशा आहात?" मी नेहमीसारखी उत्तर जुळवायला लागले, आणि तू गप्प. मला वाटलं, फोन कटला. मग तुमच्याकडचं मांजर ऐकू आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं, गुडघ्यापासून सगळं. तुझी समज फाइलीत राहील तशी ही गोष्ट माझ्याकडे राहील.

आता एक काम. मुंगीची जी दोन चुकली, त्यातलं एक खरंच चुकलं. ती बेडकाला पाल म्हणते, म्हणू दे. दुसरं असं. तू विचारतेस, "कुलूप कशाने उघडतं?" आणि चित्रं आहेत चावी, चमचा, कंगवा आणि वाकडी तार. तिने तारेवर बोट ठेवलं. टॅब म्हणाला, चूक. मी तिला विचारलं, "चावीने नाही का गं उघडत?" बराच वेळ गेला. मग म्हणाली, "चावी असली तर बाबांकडे कोण येईल?"

याचे गुण द्यायचे की नाही, तूच ठरव. सावकाश ठरव. मी वाट बघते.

आई